निळा पडलेला बेंड पाइप

आमच्याकडे एक बुलेट आहे. 'आमच्याकडे' आपलं म्हणायला, खरी ती बाबांची. १९८६ चं मॉडेल, साडेतीनशे सीसी, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, आणि किक मारायच्या आधी अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणण्याचा तो सुप्रसिद्ध सोपस्कार. बाबांनी ती नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घेतली. गेली अकरा वर्षं ती साताऱ्याच्या घरी जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती. मागच्या वर्षी बाबा रिटायर झाल्यावर मला उमाळा आला आणि मी ती टेम्पोत घालून पुण्याला आणली. म्हटलं, नवीकोरी करून बाबांना परत द्यायची. सरप्राइज वगैरे.

वायरिंग बदललं, टायर बदलले, टाकी रंगवली. गंजलेला बेंड पाइप भोसरीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडून क्रोम करून आणला. (ज्यांचा दुचाकीशी संबंध फक्त ऑफिसला जाण्यापुरता आहे त्यांच्यासाठी: इंजिनाच्या हेडमधून निघून, वळण घेऊन सायलेन्सरला मिळणारी नळी म्हणजे बेंड पाइप.) असा आरसा झाला होता की त्यात बघून दाढी करावी. पहिल्याच रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. चहा घेताना बघतो तर हेडजवळ हलका सोनेरी रंग. दुसऱ्या रविवारी तपकिरी-जांभळा. तिसऱ्या रविवारी वीतभर पट्टा निळाशार!

माझी प्रतिक्रिया कुठल्याही सुजाण सॉफ्टवेअर इंजिनियरची असते तीच होती. व्हेंडरवर खापर फोडलं. तडक भोसरीला जाऊन त्या माणसाला 'तुमचं क्रोम डुप्लिकेट आहे' असं सुनावून आलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, क्रोम माझं आहे. आग तुमच्या गाडीची आहे."

मला ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं. पाइप पुन्हा क्रोम करायला लावला, अर्धे पैसे त्याचे, अर्धे माझे. तीन आठवड्यांत पुन्हा निळा. मग कुठली कुठली पेस्ट आणून घासला. निळा गेला आणि पुढच्या रविवारी परत आला. शेवटी एका लाँग वीकएंडला गाडी बाजूला ठेवली आणि हा निळा रंग म्हणजे नक्की आहे तरी काय, ते वाचायला बसलो. जे सापडलं ते असं.

लोहाराचा थर्मामीटर

पहिली गोष्ट म्हणजे हा रंग 'रंग' नाहीच. पाइपवर निळं असं काहीही बसलेलं नसतं.

लोखंड तापलं की रंग बदलतं हे लोहारांना शेकडो वर्षं ठाऊक आहे. लालबुंद तापल्यावरचा रंग वेगळा, मी त्याबद्दल बोलत नाहीये. पाणी दिलेलं पोलाद कडक होतं पण ठिसूळही होतं, म्हणून ते पुन्हा बेताबेताने तापवावं लागतं. तेव्हा घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर एकामागून एक रंग सरकत जातात. साधारण २२०-२३० अंश सेल्सिअसला वाळक्या गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० ला निळा. जिथे धार हवी तिथे पिवळ्यावर थांबायचं, स्प्रिंगसारखी लवचीकता हवी असेल तर निळ्यापर्यंत जायचं. थर्मामीटर नसलेल्या काळात हाच थर्मामीटर. जुन्या चांगल्या घड्याळांचे निळे काटे आणि निळे स्क्रू असेच तापवून केलेले असतात, ते रंगवलेले नसतात.

हे रंग येतात कुठून, याचा पहिला नीट विचार रॉबर्ट हूक या इंग्रज गृहस्थाने केलेला दिसतो. १६६५ सालच्या 'मायक्रोग्राफिया' या सूक्ष्मदर्शकावरच्या पुस्तकात त्याने अभ्रकाच्या पापुद्र्यांतले रंग, साबणाच्या फुग्यावरचे रंग आणि तापवलेल्या पोलादावरचे रंग एकाच पंगतीला बसवले. त्याचं म्हणणं असं की ही सगळी करामत पातळ पापुद्र्याची आहे. पुढे न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये कुठल्या जाडीला कुठला रंग याची मोजमापं दिली. पण जाडी बदलली की रंग का बदलतो, याचं आज आपण मानतो ते उत्तर यायला थॉमस यंग यावा लागला. १८०१ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे मांडलं की प्रकाश ही लहर आहे. पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परतणारी लहर आणि तळावरून परतणारी लहर एकमेकींत मिसळतात. जाडीनुसार काही रंग एकमेकांना मारतात, काही टिकतात.

बेंड पाइपला हेच लावून बघा. धातू तापला की हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यावर ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढतो. थर अगदी पातळ असताना परतणाऱ्या प्रकाशातला निळा भाग आधी मारला जातो, म्हणून उरलेला पिवळसर दिसतो. थर जाड झाला की हिरवा मारला जातो, जांभळा दिसतो. आणखी जाड झाला की पिवळा-तांबडा जातो आणि उरतो निळा. ही सगळी उलथापालथ काही दशक नॅनोमीटर जाडीत होते. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटरचा असतो, यावरून अंदाज घ्या.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, रंग फक्त तापमानावर नाही, वेळेवरही अवलंबून असतो. थोडं कमी तापमान पण जास्त वेळ, तरी थर तेवढाच वाढू शकतो. दोन, गाडी थंड झाली म्हणून थर परत जात नाही. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचं तर ही एक लॉग फाइल आहे. तिच्यात फक्त भर पडते, आपोआप काही डिलीट होत नाही. आणि मी पेस्टने घासत होतो ते काय, तर एरर दिसते म्हणून लॉग पुसत होतो!

ज्या धातूचं नावच 'रंग'

आता क्रोमकडे येऊ, कारण यात एक मजा आहे.

उरल पर्वतातल्या बेऱ्योझोव्स्कीच्या खाणीत एक शेंदरी-लाल खनिज सापडायचं. 'सैबेरियाचं तांबडं शिसं' म्हणून ते युरोपात रंगासाठी जायचं. १७९७ साली पॅरिसमध्ये लुई निकोला वोकलँ या रसायनशास्त्रज्ञाला त्यात एक नवं मूलद्रव्य असल्याचं कळलं आणि पुढच्या वर्षी त्याने तो धातू वेगळाही केला. त्याचे क्षार पिवळे, नारिंगी, हिरवे असे नाना रंगांचे निघत. म्हणून नाव पडलं क्रोम, 'क्रोमा' या ग्रीक शब्दावरून. अर्थ, रंग. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा, दोन्हींमागे हाच धातू आहे, आणि त्या दोन्ही रत्नांत तो वोकलँलाच आढळला.

तर ज्या धातूचं नावच 'रंग', त्याला आपण पाइपवर चढवतो आणि अपेक्षा करतो की त्याने बिनरंगी राहावं :)

नावाप्रमाणेच पहिली शंभरेक वर्षं क्रोम वापरला गेला तो रंग, कातडी कमावणं अशा कामांसाठी. त्याचा चकचकीत मुलामा देणं कुणाला जमत नव्हतं. रॉबर्ट बुन्सेनने १८५४ मध्ये विजेच्या साहाय्याने क्रोमियम मिळवलं, पण ते प्रयोगशाळेपुरतं. १९२० साली जॉर्ज सार्जंटने क्रोमिक आम्लाच्या द्रावणाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि त्याचा सहकारी चार्ल्स एल्ड्रिज यांनी १९२४ च्या सुमाराला ते कारखान्यात चालेल इतकं खात्रीचं केलं. ग्यानबाची मेख अशी होती की क्रोमिक आम्लात थोडंसं सल्फेट लागतं, साधारण शंभराला एक. कमी झालं तरी बोंब, जास्त झालं तरी बोंब. फिंकचं पेटंट १९२६ सालचं. (जाता जाता: याच जोडगोळीने १९२५ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी गंजलेल्या प्राचीन ब्राँझच्या वस्तू विजेने पूर्ववत करण्याची पद्धतही लिहून काढली. एकीकडे जुन्याला वाचवणं, दुसरीकडे नव्याला चकाकी. हेवा वाटावा असं करिअर!)

तोवर मोटारसायकलींना असायचा निकेलचा मुलामा, नाहीतर काळा रंग. निकेल दिसायला सुंदर, ऊबदार झाक असलेलं. पण हवेत मलूल पडतं, दर आठवड्याला घासत बसावं लागतं. क्रोमला घासावं लागत नाही. १९२० चं दशक संपता संपता क्रोम आधी मोटारींवर आणि मग मोटारसायकलींवर पसरलं. १९३७ मध्ये आलेल्या ट्रायम्फच्या स्पीड ट्विनची टाकी, दिवा, पाइप, सगळीकडे लाल रंग आणि क्रोम. पुढची कित्येक दशकं मोटारसायकल म्हणजे क्रोम हे समीकरणच होऊन गेलं. मध्ये कोरियन युद्धाच्या वेळी, १९५१-५२ च्या सुमाराला, निकेलची टंचाई झाली तेव्हा ब्रिटिश गाड्यांच्या टाक्यांवरचं क्रोम जाऊन तिथे रंग आला होता.

क्रोमवर संक्रांत यायला टंचाई निकेलची कशी काय? तर आपण ज्याला क्रोम म्हणतो ते बहुतांशी निकेलच असतं. खाली निकेलचा दहा-वीस मायक्रॉनचा थर, बऱ्याचदा त्याच्याही खाली तांब्याचा, आणि वर क्रोमियम केवळ पाव ते अर्धा मायक्रॉन. आरसा निकेलचा, क्रोम म्हणजे त्यावरची काच. पेस्टने घासताना मी ही अर्धा मायक्रॉनची काच झिजवत होतो हे तेव्हा कळलं, आणि हात जरा थरथरलेच.

क्रोम चकचकीत का राहतं, तर हवेशी संबंध आल्याबरोबर त्यावर दोन-तीन नॅनोमीटरचा ऑक्साइड बनतो आणि पुढचा ऑक्सिजन अडवतो. साधा गंज पापुद्रे सुटून आणखी गंजाला वाट देतो, हा ऑक्साइड दार लावून बसतो. म्हणजे क्रोम चमकतं ते ऑक्साइडमुळे आणि निळं पडतं तेही ऑक्साइडमुळेच. फरक फक्त जाडीचा. ती जाडी गाठायला साध्या पोलादापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं, पण हेडमधून बाहेर पडणारा धूर सहाशे-सातशे अंशांच्या घरात सहज असतो. त्यामुळे बेंड पाइपचा पहिला वीतभर भाग कायम त्या सीमेवर जगतो. गाडी नीट असेल तर अलीकडे, बिघडली की पलीकडे.

झाकायचं की शोधायचं

इथून पुढचा इतिहास मला सगळ्यात ओळखीचा वाटला, कारण आमच्या ऑफिसात तो दर रिलीजला घडतो. लक्षण झाकणारे एकीकडे आणि कारण शोधणारे दुसरीकडे.

मोटारींचे पाइप पोटाखाली लपलेले, ते निळे पडोत की हिरवे, कोण बघतंय? मोटारसायकलीचं इंजिन उघड्यावर आणि पाइप तर शोभेसाठीच पुढे काढलेला. त्यामुळे हे दुखणं खास दुचाकीवाल्यांचं. एकपदरी पाइपच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांचा निळा पाइप ही मालकांची नेहमीची तक्रार. त्यावर कारखान्यांनी काढलेला उपाय म्हणजे दुपदरी पाइप. आत एक नळी, बाहेर एक नळी, मध्ये हवा. थर्मासचं तत्त्व. धग आतल्या नळीला, दिसते ती बाहेरची. सत्तरच्या दशकातल्या अनेक मोठ्या जपानी गाड्यांना असे पाइप होते. हार्लेवाल्यांनी वेगळी वाट धरली, तापणाऱ्या पाइपवर वेगळं क्रोमचं कवच लावलं. निळं पडायचं ते आत, चकाकायचं ते बाहेर. पुढे आतून सिरॅमिकचा लेप देण्याची पद्धत आली. आणखी एक प्रकार म्हणजे पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळणं. दिसायला झकास, पण पट्टीत पावसाचं पाणी मुरतं आणि पाइप आतल्या आत गंजतो. आपल्या पावसाळ्यात तर नकोच.

हे सगळे उपाय खरे आहेत, काही उत्तमही आहेत. पण इंजिन जास्त तापत असेल तर ते फक्त बातमी दडपतात.

मुळातली कारणं मोजकी आहेत. पहिलं, मिक्स्चर. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की ज्वलन रेंगाळतं आणि इंजिन आणि पाइप दोन्ही जास्त तापतात. कार्ब्युरेटरचा जेट चोंदला असेल, किंवा कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधून गाडी हवा घेत असेल, तर हे होतं. दुसरं, टायमिंग. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरा पेटतं. जी उष्णता पिस्टनला ढकलण्यात खर्ची पडायची, ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी शिल्लक असते आणि जळता धूर पाइपात घुसतो. तिसरं, बेंड पाइप आणि हेडच्या सांध्यातली गळती. तिथून हवा आत जाते आणि उरलंसुरलं पेट्रोल पाइपातच पेटतं. चौथं कारण अगदी घरगुती, गाडी स्टँडवर लावून दहा-दहा मिनिटं रेस करत बसणं. चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला कोण वारा घालणार?

आपल्याकडे एक पाचवंही होतं. आमच्या काकांकडे येझदी होती. म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि मग येझदी बनत. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन असा राजेशाही कारभार. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल, त्यामुळे सायलेन्सर काजळीने चोंदायचा. मग तो काढून जाळून घ्यायचा. काका सांगतात, जाळल्यावर गाडी पळायची सुसाट, पण क्रोमचं इंद्रधनुष्य व्हायचं.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि कार्ब्युरेटरच्या गाड्या कंपनीतूनच कमी पेट्रोलवर सेट होऊन येऊ लागल्या. भारतात दुचाकींसाठी २०१७ पासून बीएस-चार आणि एप्रिल २०२० पासून बीएस-सहा. आता सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. म्हणजे पूर्वी जे मिस्त्री पाइपचा आणि प्लगचा रंग बघून ओळखायचा, ते आता कोड करतो. मला अभिमान वाटायला हवा, पण १९८६ च्या बुलेटमध्ये सेन्सर एकच असतो, तो म्हणजे पाइप. आणि तो मी दोनदा क्रोम करून म्यूट केला होता.

भोसरीचा माणूस

इथेच थांबलो असतो. पण वाचता वाचता आणखी एक पान उघडलं आणि ते काही केल्या मिटेना.

क्रोमच्या टाकीत जी वीज जाते तिच्यातली जेमतेम १०-२० टक्के क्रोमियम बसवण्याच्या कामी येते. बाकीची बहुतेक हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात. हे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्याबरोबर क्रोमिक आम्लाचा सूक्ष्म तुषार हवेत उडतो. हे आम्ल म्हणजे षट्संयुजी क्रोमियम. कातडीवर पडलं तर खोल, न भरणारे व्रण. नाकात गेलं तर दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजून त्याला भोक. व्रणांची नोंद तर ग्लासगोच्या विल्यम क्यूमिन या डॉक्टरने १८२७ मध्येच, क्रोमचा मुलामा निघायच्या शंभर वर्षं आधी, क्रोमेट हाताळणाऱ्या कामगारांबद्दल केली होती. आणि फिंकच्या शोधानंतर अवघ्या चार वर्षांत, १९२८ साली, अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसचे ब्लूमफील्ड आणि ब्लम यांनी प्लेटिंग कामगारांची नाकं तपासून हाच अहवाल दिला. ब्रिटनने १९३१ मध्ये खास क्रोम प्लेटिंगसाठी नियम केले. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

म्हणजे कळलं नव्हतं असं नाही. पहिल्यापासून कळलं होतं.

आपल्याकडे तमिळनाडूत रानीपेटला एक क्रोमेटचा कारखाना १९९० च्या दशकाच्या मध्यात बंद पडला. मागे उरला तो षट्संयुजी क्रोमियम असलेल्या कचऱ्याचा दीड-दोन लाख टनांचा डोंगर. पाऊस पडला की त्यातून पिवळं पाणी झिरपतं आणि जमिनीत मुरतं. ज्या रंगाने वोकलँला भुरळ घातली, तोच हा पिवळा.

पर्याय आहेत. त्रिसंयुजी क्रोमियमचं प्लेटिंग १९७० च्या दशकापासून उपलब्ध आहे आणि त्याचा धोका पुष्कळच कमी. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक आम्ल खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये शोभेच्या प्लेटिंगमधून ते हद्दपार करायचं ठरवलं, मुदत २०२७ च्या सुरुवातीची.

हे वाचताना मला भोसरीचा तो माणूस आठवत होता. पत्र्याची शेड, टाकीवर एक पंखा, तोही हवा खेचणारा नाही, साधा घरातला. तो बोलताना सारखं नाक ओढत होता. मला वाटलं सर्दी असेल. कदाचित सर्दीच असेल. पण मी त्याच्याकडून एक पाइप दोनदा क्रोम करून घेतला होता, आणि दुसऱ्यांदाचं काम निव्वळ माझ्या हट्टाचं होतं. गाडीचा दोष मी त्याच्या टाकीत बुडवून काढत होतो.

साठच्या पुढे ओढते का?

त्या रात्री सरप्राइज गुंडाळून ठेवलं आणि साताऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं. बाबांनी पाइपचं नाव काढलं नाही. त्यांनी विचारलं,

"किकला लगेच लागते?"

"हो, पहिल्या किकला."

"आयडलला कशी आहे?"

"एकदम झकास. धक धक धक."

"आणि साठच्या पुढे ओढते का?"

मी गप्प. ओढत नव्हती. मला वाटत होतं, म्हातारी गाडी आहे, बिचारी दमते.

"टायमिंग बघ," बाबा म्हणाले. "अकरा वर्षं उभी होती. अ‍ॅडव्हान्स जाम झालं असणार."

नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने सीबी पॉइंटचं झाकण काढलं, प्लेट उचलली आणि बोट दाखवलं. वेग वाढला की दोन छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पाडतात, अशी ती रचना. आमची दोन्ही वजनं गंजून जागच्या जागी चिकटलेली. म्हणजे सावकाश चालताना ठिणगी बरोबर आणि वेगात कायम उशिरा. किकला उत्तम, आयडलला उत्तम आणि हायवेला पाइपात आग. हेड उघडल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड भाजायला लागलेली दिसली. "दादा, अजून दोन महिने घासत बसला असतात ना, तर व्हॉल्व्ह गेला असता," मिस्त्री म्हणाला. नव्या स्प्रिंगा, साफसफाई, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सांध्याला नवी पॅकिंग, आणि गाडी साठच काय, ऐंशीलाही तक्रार न करता गेली.

ज्यांच्याकडे क्रोमचा पाइप आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवा. नवा पाइप लावण्याआधी टायमिंग आणि मिक्स्चर तपासून घ्या, नंतर नाही. सांध्याची पॅकिंग नवी घाला. हाताचे तेलकट ठसे पहिल्या स्टार्टच्या आधी पुसा, नाहीतर ते भाजून कायमचे बसतात. उभ्या गाडीला रेस करू नका. हलका सोनेरी रंग हेडजवळ आला तर घाबरू नका, एकपदरी पाइपवर तो यायचाच. पण पट्टा आठवड्यागणिक सायलेन्सरकडे सरकत असेल तर पेस्ट नको, मिस्त्री गाठा.

नंतर एका शनिवारी भोसरीला जाऊन आलो. माफी मागितली, आणि दुसऱ्या वेळचे त्याच्या वाट्याचे अर्धे पैसे देऊ केले. त्याने ते घेतले. मग जरा धीर करून टाकीवर धूर ओढणारा पंखा बसवण्याबद्दल बोललो. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, शेड भाड्याची आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

गेल्या महिन्यात बाबा पुण्याला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून बेंड पाइपवरच्या निळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"आता पुढे सरकत नाही ना?"

"नाही."

"पुन्हा क्रोम करणार होतास म्हणे?"

"नाही, आता नाही."

"मग राहू दे," असं म्हणून त्यांनी अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणला आणि किक मारली.